मीटर चालू, मालक चालू

लॉस एंजेलिसच्या उत्तर अंगाला व्हॅन नाइज नावाचा भाग आहे. तिथल्या एकाच इमारतीच्या पत्त्यावर शंभराहून जास्त हॉस्पिस आणि घरपोच शुश्रूषेच्या कंपन्यांची लायसन्सं निघाली होती. पत्ता एकच, बदलायचा तो फक्त खोली नंबर. आता अमेरिकेतलं हॉस्पिस म्हणजे खाटा मांडलेलं रुग्णालय नव्हे. बहुतेक वेळा ही सेवा पेशंटच्या घरी जाऊन द्यायची असते. नर्स येते, वेदना कमी करणारी औषधं येतात, अंघोळ घालायला मदतनीस येते, घरच्यांना धीर द्यायला कुणीतरी येतं. तेव्हा ऑफिसात पेशंट दिसला नाही, यात गैर काहीच नाही. गैर एवढंच, की त्या परिसरातल्या कित्येक कंपन्यांची माणसं पेशंटच्या घरीही दिसत नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या स्टेट ऑडिटरने मार्च २०२२ मध्ये यावर अहवाल दिला. २०१० साली लॉस एंजेलिस काउंटीत १०९ हॉस्पिस होती. बारा वर्षांच्या आत ती १,८०० च्या वर गेली. वाढ दीड हजार टक्क्यांहून अधिक. म्हाताऱ्या माणसांच्या संख्येशी ताडून पाहिलं, तर देशाच्या सरासरीच्या साडेसहा पटींपेक्षा जास्त. एवढी माणसं तिथे एकदम मरणपंथाला लागली होती काय? कोविडवर ढकलावं, तर ही वाढ कोविडच्या कितीतरी आधीपासूनची. हवा उत्तम, समुद्र हाकेवर, हॉलिवूड शेजारी. अशा गावात माणूस वर जायची घाई कशाला करील?

उत्तर सोपं आहे. मरणारे वाढले नव्हते, बिलं वाढली होती.

हे गणित समजून घेण्यासारखं आहे. पासष्टीपुढच्या अमेरिकनांचा सरकारी आरोग्यविमा म्हणजे मेडिकेअर. १९८२ च्या कायद्याने त्यात हॉस्पिसची सोय आली. अट अशी, की आजार त्याच्या नेहमीच्या चालीने चालला तर पेशंट सहा महिन्यांपेक्षा जास्त काढणार नाही, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. पेशंटनेही सही करायची, की या आजारावर आता बरं करणारे उपचार नकोत, त्रास कमी करा म्हणजे झालं. सही झाली की मेडिकेअर हॉस्पिसला रोजच्या हिशेबाने पैसे देतं. २०२४ च्या आर्थिक वर्षात घरी दिल्या जाणाऱ्या साध्या सेवेचा दर पहिले ६० दिवस रोजचे सुमारे २१८ डॉलर आणि पुढे रोजचे १७२ डॉलर होता. त्या दिवशी नर्स आली तरी तेवढेच, नाही आली तरी तेवढेच. रिक्षाचं मीटर निदान चाक फिरलं की पुढे सरकतं. हे मीटर गाडी स्टँडवर उभी असतानाही तितकंच पळतं, आणि मालकाला जास्त सुटतात ते गाडी उभी असतानाच, कारण पेट्रोल वाचतं.

मग या धंद्यातला सर्वोत्तम पेशंट कोण? ज्याचा मरायचा विचारच नाही, तो.

कॅन्सरचा पेशंट परवडत नाही. तो शेवटच्या टप्प्यात येतो, वेदनांनी तळमळत असतो, रात्री-अपरात्री नर्स लागते, मॉर्फीन लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांत खेळ आटोपतो. हॉस्पिसमध्ये नाव घातलेल्या निम्म्या माणसांचा मुक्काम फार तर १८ दिवसांचा असतो. पहिले दिवस खर्चाचे, शेवटचे दिवस खर्चाचे, आणि मधले दिवस नाहीतच. स्मृतिभ्रंशाच्या आजीबाईंचं तसं नाही. खातात-पितात, खिडकीशी बसतात, महिनोन्‌महिने काढतात. आणि ज्यांना काहीच झालेलं नाही अशा आजीबाई तर साक्षात लक्ष्मी.

अशा आजीबाई मिळवायची रीत ठरलेली. ज्येष्ठांच्या केंद्राबाहेर, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, सरकारी घरकुलांच्या दारात एखादी गोडबोली बाई टेबल टाकून बसते. शक्य तो आजीच्याच भाषेत बोलणारी. वॉकर फुकट, डायपर फुकट, प्रोटीनच्या दुधाचे डबे फुकट, आठवड्यातून एकदा घर झाडून देणार तेही फुकट. “आजी, सगळं सरकार देतं. फक्त ते लाल-पांढरं-निळं कार्ड दाखवा.” कार्ड दाखवलं, टॅबलेटवर बोटाने सही झाली, डबे मिळाले. आजी खूश. कुठल्याशा ऑफिसात आजींचं आयुष्य सहा महिन्यांवर आणून ठेवल्याचं त्यांना कोण सांगणार? ज्या डॉक्टरने ते लिहून दिलं त्याला आजींनी कधी पाहिलेलं नसतं. लॉस एंजेलिसच्या प्रकरणात तर आणखी एक पायरी पुढे: डॉक्टर-नर्सांची नावं आणि लायसन्स नंबर चोरून वापरले गेल्याच्या खुणा ऑडिटरला सापडल्या. म्हणजे कागदावर पेशंट मरायला टेकलेला, प्रत्यक्षात ठणठणीत. आणि कागदावरच्या डॉक्टरला पत्ताच नाही, की आपण इतके कामात आहोत.

घोळ उघडकीस येतो तो पुढे. आजी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातात, गुडघ्याच्या नाहीतर हृदयाच्या तपासणीला. काउंटरवरची मुलगी स्क्रीनकडे पाहते आणि म्हणते, “तुम्ही हॉस्पिसमध्ये आहात. हे बिल मेडिकेअर देणार नाही.” आजी म्हणतात, मी तर इथे तुझ्यासमोर उभी आहे. मुलगी म्हणते, सिस्टीममध्ये तसं नाही.

सरकार अगदीच झोपलेलं नव्हतं. मीटर किती पळावं यावर एक ‘कॅप’, म्हणजे टोपी, घातलेली आहे. वर्षाअखेर हॉस्पिसच्या एकूण कमाईला पेशंटांच्या संख्येने भागायचं, आणि पेशंटमागे ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त निघाले तर वरचे पैसे परत करायचे. २०२४ साठी ही रक्कम होती ३३,४९४ डॉलर. वरच्या दराने हिशेब मांडून पाहा, जवळजवळ सहा महिन्यांचा मुक्काम भरतो. कागदावर चोख बंदोबस्त. पण ज्याने शंभर खोल्यांच्या इमारतीत एक खोली घेतली आहे त्याला शेजारची खोली घ्यायला कितीसा वेळ लागतो? टोपीची रक्कम ओलांडली, परतफेडीची नोटीस आली, की कंपनी बंद. पेशंटांची यादी दुसऱ्या नावाच्या, दुसऱ्या लायसन्सच्या कंपनीकडे. नाहीतर मग दुसरा उपाय: आजींना “आता तुमची तब्येत सुधारली हो” म्हणून जिवंत डिस्चार्ज. देशभर हॉस्पिसमधून बाहेर पडणाऱ्या सहांमधला साधारण एक जण असा जिवंत बाहेर पडतो. काही खरोखर सुधारतात, काही स्वतःहून सोडतात, काही गाव बदलतात. आणि काही जणांची तब्येत कंपनीच्या ताळेबंदाबरोबर सुधारते.

इथे थोडं थांबायला हवं. सहा महिन्यांच्या वर जगला म्हणजे घोटाळा, असं ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण मरणाला टाइमटेबल नसतं. आमच्याच बिरादरीतला एक माणूस याचा साक्षीदार आहे. आर्ट बुकवाल्ड, अमेरिकेतला नामांकित विनोदी सदरलेखक. मूत्रपिंडं गेली, डायलिसिस नको म्हणाला, फेब्रुवारी २००६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या हॉस्पिसमध्ये दाखल झाला. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे. हा पठ्ठ्या तिथे दरबार भरवून बसला. मित्र येताहेत, खाणंपिणं चाललंय, मरणावरच सदरं लिहून होताहेत. मूत्रपिंडांनी काय मनावर घेतलं देव जाणे, उन्हाळ्यात साहेब हॉस्पिस सोडून सुट्टीच्या घरी गेले. या सगळ्यावर पुस्तक लिहिलं, ते छापून आलेलं पाहिलं, आणि जानेवारी २००७ मध्ये गेले. सदरलेखकाची डेडलाइन हुकवायची सवय इतकी दांडगी असते.

माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचंही तेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी घरीच हॉस्पिस सेवा घेतली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख तयार करून ठेवले. कार्टर यांनी पत्नीला निरोप दिला, वयाची शंभरी गाठली, निवडणुकीत मत दिलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शांतपणे गेले. बावीस महिने. आता यांना घोटाळेबाज म्हणायचं काय?

हीच पळवाट कोर्टातही उपयोगी पडली. असेराकेअर नावाच्या मोठ्या हॉस्पिस साखळीवर सरकारने दावा लावला, की तुमचे बरेच पेशंट मरणोन्मुख नव्हतेच. सरकारचा डॉक्टर म्हणाला, हे लोक सहा महिन्यांत जाणार नव्हते. कंपनीचे डॉक्टर म्हणाले, आम्हाला वाटलं जातील. २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की दोन डॉक्टरांचं मत वेगळं आहे एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. वीस कोटी डॉलरच्या दाव्यात शेवटी दहा लाखांवर तडजोड झाली. कायद्याच्या दृष्टीने निकाल वाईट नाही, डॉक्टरच्या प्रामाणिक अंदाजाला दंडाची भीती नको हे कुणीही मान्य करील. पण धंद्यातल्या चालू माणसाने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं: अंदाज चुकवा, फक्त तो डॉक्टरच्या अक्षरात असू द्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पेशंट किती दिवस जगला हे मोजून काही हाताला लागत नाही. त्या दिवसांत त्याच्या दारात कोण आलं, ते मोजा. आणि नेमकं तेच मोजायला सरकारचा हात आखडतो.

मोजायचं कुणी? लायसन्स देणं आणि तपासणी करणं हे काम राज्याचं. कॅलिफोर्नियाने हॉस्पिस लायसन्सचा कायदा १९९० मध्ये केला. नियम बनवायचा अधिकार आरोग्य खात्याला दिला. ऑडिटर येऊन बसले तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती आणि खात्याने स्वतःची नियमावली काढलेलीच नव्हती. लायसन्स मात्र देत सुटले होते. अर्ज भरा, फी भरा, कुणाकडे अनुभव आहे का, या भागात आणखी एका हॉस्पिसची गरज आहे का, असले नाजूक प्रश्न कोणी विचारायचे नाहीत. फ्लोरिडासारख्या राज्यात नवं हॉस्पिस काढायचं तर आधी त्या भागात गरज असल्याचा दाखला लागतो. कॅलिफोर्नियात, टेक्सासमध्ये, ॲरिझोनात, नेवाडात तो लागत नाही. पीक कुठे आलं हे सांगायला ज्योतिषी नको. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने नव्या हॉस्पिसांवर जादा नजर ठेवायची म्हणून चार राज्यं निवडली. ती हीच चार.

गरजेचा दाखला म्हणजे रामबाण नव्हे. जुन्या कंपन्या त्याच्या आडून नव्यांना शिरू देत नाहीत, आणि चांगल्या धर्मादाय संस्थेलाही वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. पण शंभर खोल्यांची इमारत तरी त्याने होऊ दिली नसती.

तपासणीची तऱ्हा तर विचारूच नका. २०१४ च्या केंद्रीय कायद्याआधी हॉस्पिसची तपासणी किती वर्षांनी व्हावी याला काही धरबंधच नव्हता. सहा-सहा, आठ-आठ वर्षं कोणी फिरकत नसे. पेशंटची मुदत सहा महिने, तपासनीसाची सहा वर्षं. नव्या कायद्याने ती तीन वर्षांवर आणली. पेशंटचा मुक्काम अठरा दिवसांचा धरला तर दोन तपासण्यांच्या मध्ये यादीतल्या एकाच जागेवरून साठ माणसं जातील. शिवाय सरकारी तपासनीसाची वाट पाहायचीच गरज नाही. मान्यताप्राप्त खासगी संस्थेकडून तपासून घेतलं तरी मेडिकेअरला चालतं. त्या संस्थेची फी कोण भरतं? हॉस्पिस. परीक्षा कडक घेतली तर पुढच्या वर्षी विद्यार्थी दुसऱ्या क्लासला.

आणि तपासणीत सापडलंच काही, तर? केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकाने २०१९ मध्ये दोन अहवाल काढले. २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत तपासलेल्या हॉस्पिसांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी निदान एक तरी त्रुटी होती. त्यातली एक हकिकत वाचून जेवण जात नाही: पोटात नळी घालून अन्न देत असलेल्या पेशंटच्या नळीभोवती अळ्या झाल्या होत्या. म्हणजे किती दिवस कोणी त्या माणसाचं पांघरूण बाजूला करून पाहिलं नव्हतं, याचा हिशेब करा. रोजचा दर मात्र चालू होता.

अशा हॉस्पिसला सरकार काय करू शकत होतं? डिसेंबर २०२० च्या कायद्यापर्यंत हातात हत्यार एकच: मेडिकेअरमधून हाकलून देणं. ना दंड, ना नव्या भरतीला बंदी. एकतर समज द्या, नाहीतर फाशी द्या. आणि फाशी द्यायची तर चालू पेशंटांचं काय करायचं, या विचाराने बहुतेक वेळा समजच दिली जायची. गिऱ्हाइकाचीही तक्रार येत नाही. इथलं गिऱ्हाईक परत येऊन चांगलं-वाईट सांगेल, अशी धंद्याची रचनाच नाही. मुलं दुःखात असतात, आणि आई गेल्यावर हॉस्पिसविरुद्ध अर्ज लिहीत बसायला कुणाला त्राण असतं?

मग २०२० च्या अखेरीस लॉस एंजेलिस टाइम्सने बातम्यांची माळ लावली. (न्यूयॉर्कर साप्ताहिक आणि प्रोपब्लिका ही शोधपत्रकारांची संस्था यांनी मिळून सगळी वीण उसवून दाखवली, ती बरीच नंतर.) राज्याला जाग आली. आणि सरकार जागं झालं की सगळ्यात आधी काय करतं? खिडकी बंद करतं. १ जानेवारी २०२२ पासून कॅलिफोर्नियात नव्या हॉस्पिस लायसन्सवर बंदी. अठराशे जण आत शिरल्यावर दाराला कुलूप. पेशंट आणून देणाऱ्याला दलाली देण्यावरही त्याच सुमारास वेगळ्या कायद्याने बंदी आली, ती बरी झाली. पण कुलपाचा परिणाम काय झाला असेल? ज्यांच्याकडे लायसन्स होतं त्यांच्या कागदाला सोन्याचा भाव. नवं मिळत नाही, तर जुनं विकत घ्या. पेशंट नाही, नर्स नाही, कपाटात नुसतं लायसन्स, आणि त्याला गिऱ्हाईक आहे. अखेर केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीपासून नियम आणला, की हॉस्पिस सुरू झाल्यापासून किंवा एकदा हात बदलल्यापासून ३६ महिन्यांच्या आत बहुमताची मालकी विकाल, तर मेडिकेअरची नोंदणी नव्याने करा, तपासणी नव्याने द्या. तीन वर्षं थांबायला लागलं, की फ्लॅट विकणारेही जरा विचार करतात.

२०२३ मध्ये केंद्राने आणखी एक धाडस केलं. देशभरातल्या सात हजारांहून जास्त हॉस्पिसांच्या पत्त्यावर माणसं पाठवली. न सांगता. कशासाठी? तर दिलेल्या पत्त्यावर खरोखर कोणी आहे का, हे पाहायला. चाळीस वर्षं पैसे वाटून झाल्यावर, वर्षाला अडीच हजार कोटी डॉलरच्या घरात खर्च गेल्यावर, सरकारने दार वाजवून विचारलं, “आहे का हो कोणी?” शेकडो ठिकाणी उत्तर असं आलं, की कारवाईच्या याद्या कराव्या लागल्या.

नफा कमावणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. नीट काम करून नफा कमावणारी हॉस्पिसही आहेत, आणि धर्मादायाच्या पाटीखाली आळस करणारीही. पण वाऱ्याची दिशा पाहा. २००० साली अमेरिकेतल्या हॉस्पिसांपैकी नफ्यासाठी चालणारी साधारण तीस टक्के होती. वीस वर्षांत ती सत्तरीच्या पुढे गेली. खासगी गुंतवणूक फंडांच्या मालकीची हॉस्पिस २०११ मध्ये १०६ होती, २०१९ मध्ये ४०९ झाली. फंडवाल्याला चार-पाच वर्षांत विकून बाहेर पडायचं असतं. मरणाऱ्या माणसाशी त्याचं एवढंच साम्य, की दोघांनाही फार काळ थांबायचं नसतं.

या क्षेत्रातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक म्हणजे व्हिटास. एका पाद्र्याने आणि एका नर्सने मायामीत सुरू केलेलं काम, पुढे कंपनी झाली. २००४ पासून ती केमेड या कंपनीच्या ताब्यात आहे. याच केमेडचा दुसरा मोठा धंदा आहे रोटो-रूटर, म्हणजे तुंबलेली गटारं आणि संडासाचे पाइप साफ करून देणं. हा विनोद माझा नाही, शेअर बाजारातली नोंद आहे. खरं सांगायचं तर त्यातलं गटाराचं खातं जास्त सरळ वाटतं. पाइप मोकळा झाला की नाही ते घरमालकाला तिथल्या तिथे दिसतं. २०१७ मध्ये हॉस्पिसच्या बिलांवरून सरकारने केलेल्या आरोपांपोटी व्हिटास आणि केमेड यांनी साडेसात कोटी डॉलर भरून तडजोड केली. आरोप सिद्ध झाले नाहीत, हे सांगायला हवं. साडेसात कोटी भरले गेले, हेही.

आणि टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या नोव्हस या हॉस्पिसची गोष्ट सगळ्यात काळी. मालक हिशेबनीस, वैद्यकीय शिक्षण शून्य. टोपीची रक्कम सांभाळायची म्हणून कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, कुणाचा डोस वाढवायचा हे तोच नर्सना फोनवरून कळवायचा. डॉक्टरने कोऱ्या प्रिस्क्रिप्शनवर आधीच सह्या करून ठेवलेल्या. फार दिवस रेंगाळलेल्या एका पेशंटला आता निरोप द्यायला हवा, अशा अर्थाचा मालकाचा मेसेज एफबीआयच्या कागदांत आहे. त्याला तेरा वर्षांची शिक्षा झाली. कशाबद्दल? विम्याच्या फसवणुकीबद्दल. सरकारचे पैसे बुडाले, त्याचा हिशेब लागला. बाकीचा लागला नाही.

हे सगळं सुरू कसं झालं होतं, ते आठवलं की मान खाली जाते. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या. आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग वेदनांकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत म्हणून स्वतःच डॉक्टर झाल्या. १९४८ मध्ये डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडहून आलेला त्यांच्या ओळखीचा एक ज्यू निर्वासित कॅन्सरने गेला. जाताना त्याने पाचशे पौंड ठेवले, तुमच्या घराची एक खिडकी होईन म्हणून. त्या खिडकीभोवती भिंती उभ्या करायला बाईंना एकोणीस वर्षं लागली. १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. एका हॉस्पिसला एकोणीस वर्षं. लॉस एंजेलिसमध्ये नंतर आठवड्याला दोन-तीन निघू लागली.

सरकारच्या आणखी एका पराक्रमाबद्दल एवढंच. २०२० च्या कायद्याने सांगितलं होतं, की देशातल्या सर्वांत वाईट हॉस्पिसांची यादी करा, त्यांना दर सहा महिन्यांनी तपासा, सुधारली नाहीत तर काढा. यादी व्हायला चार वर्षं लागली. डिसेंबर २०२४ मध्ये पन्नास नावं जाहीर झाली. हॉस्पिस संघटना कोर्टात गेल्या. यादी चुकीच्या सूत्राने केली आहे, तक्रारी मोजताना मोठ्या हॉस्पिसांवर अन्याय होतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्यही होतं. मग सूत्र दुरुस्त करावं की नाही? फेब्रुवारी २०२५ मध्ये अख्खा कार्यक्रमच थांबवला. चार वर्षांची यादी, दोन महिन्यांचं आयुष्य. तिला मात्र कुणी सहा महिन्यांचाही दाखला दिला नाही.

आपल्याकडे या घोटाळ्याची भीती नाही, कारण घोटाळा करायला आधी सरकारने पैसे द्यायला हवेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुढे गोव्यात लोटलीला त्याची शाखा निघाली. पेशंटकडून पैसे न घेता ते चालतं. मीटर नाही, म्हणून मालकही चालू नाही. अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावीत आणि बाकीच्यांनी अतिदक्षता विभागाचं बिल भरत मरावं, हा वेगळा घोटाळा. त्यावर पुन्हा कधीतरी.

पण इथल्या कितीतरी घरांतले आई-वडील आज अमेरिकेत मुलांकडे राहतात. ग्रीन कार्डावर पाच वर्षं सलग काढली की पासष्टीनंतर हप्ते भरून मेडिकेअर घेता येतं, आणि बऱ्याच जणांनी ते घेतलेलं आहे. दुपारी मुलगा-सून कामावर, घरात दोघंच, इंग्रजी बेतास बात, आणि फुकटचं तपासणी शिबिर म्हटलं की आपला माणूस उठून चालू लागतो. त्या सगळ्या मुलामुलींना सांगणं आहे. आई-बाबांचं मेडिकेअर कार्ड बँकेच्या पासबुकासारखं सांभाळा. शिबिरात, देवळाबाहेर, फोनवर कुणालाही नंबर देऊ नका म्हणून बजावा. मेडिकेअरकडून वेळोवेळी बिलांचा गोषवारा येतो तो कचऱ्यात टाकू नका, त्यात ‘हॉस्पिस’ हा शब्द दिसतो का ते पाहा. दिसला आणि तुम्ही सही केलेली नसेल, तर १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या फुकट नंबरवर त्याच दिवशी कळवा. जाणूनबुजून घेतलेलं हॉस्पिसही पेशंटला कधीही, कारण न देता, लेखी कळवून सोडता येतं. आणि खरोखर वेळ आली असेल, तर हॉस्पिसला घाबरू नका, उशीरही करू नका. फक्त सही करण्याआधी समोरच्या माणसाला विचारा: रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर कोण येईल, त्याचं नाव सांगा.